टाय-इन कादंबरी (फँटसी)

टाय-इन कादंबरी म्हणजे आधीपासूनच दुसरीकडे उभ्या असलेल्या जगावर, म्हणजे एखाद्या गेमच्या, पिक्चरच्या किंवा सिरीजच्या जगावर, त्या जगाच्या मालकाच्या परवानगीने आणि बहुतेक वेळा त्याच्याच ऑर्डरवरून लिहिलेली कादंबरी. मराठीत याला रुळलेला शब्द नाही, वाचणारे सगळे टाय-इनच म्हणतात. फॅन फिक्शन वेगळं, तिथे परवानगीचा प्रश्नच नसतो, आवडलं म्हणून लिहिलं. आणि पिक्चरचीच गोष्ट पुस्तकात उतरवली की ते नॉव्हेलायझेशन, जो टाय-इनचाच एक प्रकार आहे पण फँटसीवाले ज्यावर तासन् तास बोलतात तो हा प्रकार नाही. विचर या गेमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकांना पण बरेच जण टाय-इन समजतात, तिथे प्रकरण बरोबर उलटं आहे, सापकोव्स्कींच्या पोलिश कथा-कादंबऱ्या आधी आल्या आणि गेम २००७ मध्ये त्यांच्यावरून आला.

लेखकाची स्थिती भाड्याच्या घरात राहणाऱ्यासारखी असते. संसार तुमचा, पण भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचं. पात्रं, नकाशा, देव, जादूचे नियम सगळं कंपनीचं, कॉपीराइटही बहुतेक वेळा कंपनीचाच. जॉर्ज लुकस यांच्या नावावर १९७६ मध्ये आलेलं पहिल्या स्टार वॉर्सचं पुस्तक खरं तर ॲलन डीन फॉस्टर यांनी लिहिलेलं, कव्हरवर त्यांचं नाव नव्हतं. त्याच फॉस्टरना २०२० मध्ये, हक्क नव्या मालकाकडे गेल्यावर आपल्या जुन्या पुस्तकांची रॉयल्टी येत नाही हे जाहीरपणे सांगायची वेळ आली, आणि अमेरिकेतली सायन्स फिक्शन-फँटसी लेखकांची संघटना त्यांच्या बाजूने उभी राहिली. टाय-इन लेखक पैशासाठी काहीही खरडतात असं जे सरसकट बोललं जातं ते म्हणूनच मला पटत नाही, एवढ्या कमी हक्कांवर माणूस चांगलं लिहितो तेव्हा त्याचा त्या जगावर जीव असतो.

फँटसीतला हा प्रकार खऱ्या अर्थाने मोठा केला तो डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या गेमने. गेम १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. त्यावरून पहिली कादंबरी आंद्रे नॉर्टन यांनी १९७८ मध्ये लिहिली, पण लाट आली १९८४ मध्ये, ड्रॅगनलान्स या मालिकेमुळे. गेम काढणाऱ्या टीएसआर कंपनीने गेमचे भाग आणि कादंबऱ्या एकत्रच आणायचं ठरवलं, बाहेरचा लेखक काही जमेना, शेवटी घरचेच दोघे, एडिटर मार्गरेट वाइस आणि गेम डिझायनर ट्रेसी हिकमन, लिहायला बसले. पहिला भाग गेमच्या मागे मागे चालतो आणि ते वाचताना कळतं, मंडळी एका भुयारात शिरतात, राक्षस भेटतो, बाहेर येतात, की पुढचं भुयार, जणू कोणीतरी शेजारी बसून फासे टाकतंय. दुसऱ्या भागापासून दोघांनी गेमचा हात सोडला आणि पुस्तक एकदम मोकळं झालं, इतकं की मधला एक अख्खा प्रवास त्यांनी थोडक्यात उरकला आणि ती गाळलेली गोष्ट वाचायला लोकांना २००६ पर्यंत थांबावं लागलं.

पण ड्रॅगनलान्स लोक अजून वाचतात ते त्यातल्या रेस्टलिन या जादूगारासाठी. गेममध्ये नियम असा होता की जादूगाराने मंत्र आधी पाठ करायचा, एकदा वापरला की तो डोक्यातून पुसला जातो, परत पोथी उघडून घोकायचा. कागदावर हा नुसता हिशोब आहे, कुठला खेळाडू किती वेळा काय करू शकतो याचा. पुस्तकात मात्र हाच नियम एका माणसाचं शरीर होतो. रेस्टलिन मंत्र टाकतो आणि खोकत खोकत कोसळतो, त्याचा धट्टाकट्टा जुळा भाऊ कॅरामन त्याला सावरतो, पाणी तापवून तो उग्र वासाचा काढा करून देतो, आणि ज्याने काढा दिला त्याच भावाला रेस्टलिन तोडून बोलतो कारण आपल्याला त्याची गरज लागते हेच त्याला सहन होत नाही. त्याचे डोळे वाळूच्या घड्याळासारखे आहेत, ज्याच्याकडे बघेल ते त्याला म्हातारं होताना, कुजताना दिसतं, तरुण चेहरा म्हणून त्याला कधी दिसतच नाही. एवढं सगळं एका खेळाच्या नियमपुस्तकातून काढणं ही मला तरी अस्सल कादंबरीकाराची कामगिरी वाटते, आणि टाय-इनमध्ये वाङ्मय नसतं म्हणणाऱ्याला मी आधी हा काढ्याचा प्रसंग वाचायला देईन.

दुसरं मोठं जग म्हणजे फरगॉटन रेल्म्स. कॅनडाच्या एड ग्रीनवुड यांनी ते लहानपणी स्वतःच्या गोष्टींसाठी रचलं, टीएसआरने १९८७ मध्ये ते गेमसाठी बाजारात आणलं. १९८८ मध्ये आर. ए. साल्व्हाटोर यांची पहिली कादंबरी आली आणि त्यातला एक जोडीदार नायकालाच झाकून बसला. तो किस्सा साल्व्हाटोर स्वतः सांगतात: एडिटर मेरी किर्चॉफ मीटिंगला निघाल्या होत्या, फोनवर म्हणाल्या नायकासोबत कोणीतरी हवाय आणि आत्ता हवाय, यांच्या तोंडून त्या क्षणी निघालं की ड्राव एल्फ, नाव ड्रिझ्ट डू'अर्डेन. स्पेलिंग काय विचारल्यावर यांनाही सांगता येईना. ड्राव म्हणजे जमिनीखाली राहणारी, क्रूर म्हणून बदनाम जमात, आणि हा त्यातून उठून वर उजेडात आलेला, दोन वाकड्या तलवारी आणि ग्वेनव्हिवार नावाची काळी पँथर घेऊन. स्वतःच्या माणसांत परका आणि वरच्या लोकांच्या दारातही परका, गावाच्या वेशीवर उभं राहून आपल्याला आत घेतील का याची वाट बघणारा. लोकांनी त्याला उचलून धरलं ते त्या वेशीवरच्या उभं राहण्यामुळे, तलवारबाजी नंतरची.

घरमालक भिंत पाडतो तेव्हा काय होतं तेही इथेच बघायला मिळतं. २००८ मध्ये गेमची चौथी आवृत्ती आली, त्यासाठी गेमच्या तेव्हाच्या मालक कंपनीने रेल्म्सचा काळ साधारण शंभर वर्षं पुढे ढकलला आणि मधे जादूची महामारी घालून नकाशाच उलटापालटा केला. ड्रिझ्ट एल्फ, त्याला शंभर वर्षं म्हणजे काही नाही, पण त्याचे माणूस आणि हाफलिंग (बुटक्या जमातीतले) मित्र जगणार कसे? २००९ च्या कादंबरीत साल्व्हाटोर यांनी कॅटी-ब्री आणि रेजिस या त्यातल्या दोघांना निरोप दिला आणि तो निरोप त्यांनी इतका हळुवार लिहिलाय की निर्णय वरून आलाय हे वाचताना विसरायला होतं. पुढे कंपनीने परत दिशा बदलली आणि २०१३ मध्ये तीच मंडळी पुनर्जन्म घेऊन परतली. यावर वाचकांत अजून दोन तट आहेत, एकांना आनंद झाला, दुसरे म्हणतात आम्ही खरोखर रडलो होतो त्याचं काय. मी दुसऱ्या तटातला. मेलेलं माणूस परत आणलं की आधीचं मरण हलकं होतं, लेखकाचा दोष असो वा नसो.

वॉरहॅमर या छोट्या पुतळ्यांनी टेबलावर खेळायच्या युद्धाच्या गेमवाल्यांचं विश्व निराळं आहे. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने १९९७ पासून ब्लॅक लायब्ररी नावाने स्वतःचाच छापखाना चालवल्यासारखी पुस्तकं काढली. त्यांची होरस हेरसी सिरीज २००६ मध्ये डॅन ॲबनेट यांच्या पुस्तकाने सुरू झाली आणि पन्नास पुस्तकांच्या वर गेली. ती भविष्यातली आहे पण राक्षस, शाप, भाऊबंदकी सगळं असल्यामुळे फँटसीवालेही ती वाचतात, आणि सगळे एकच प्रश्न विचारतात की यातली कुठली सोडली तर चालतील. वॉरक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमच्या बाबतीत तर एक पुस्तक गेमपेक्षा जास्त जगलं: थ्रॉल या ऑर्क नावाच्या लढवय्या जमातीतल्या नायकाच्या लहानपणाचा गेम १९९८ मध्ये रद्द झाला, क्रिस्टी गोल्डन यांनी तीच गोष्ट २००१ मध्ये कादंबरीत लिहिली, आणि आज थ्रॉलचं बालपण लोकांना माहीत आहे ते त्या पुस्तकामुळे. जपानमध्ये लोडोस वॉर असंच, आधी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतानाचा वृत्तांत मासिकात छापून यायचा, मग र्यो मिझुनो यांनी १९८८ पासून त्याच्या कादंबऱ्या केल्या.

आपल्याकडचं स्पष्ट उदाहरण बाहुबलीचं. पिक्चरच्या आधीच्या काळावर, शिवगामीच्या तरुणपणावर, आनंद नीलकंठन यांनी इंग्रजीत तीन कादंबऱ्या लिहिल्या, पहिली २०१७ ची. बाकी आपल्या भागातल्या वाचकांना ड्रॅगनलान्स, रेल्म्स भेटली ती बऱ्याचदा मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर नाहीतर पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात, आणि त्यात हमखास दुसरा किंवा तिसरा भाग, पहिला कधीच नाही. पहिला मिळेपर्यंत थांबायचं की हाती आलं ते वाचायचं, हा प्रश्न टाय-इन वाचणाऱ्याला सुटत नाही. ड्रिझ्टसाठीही हीच चर्चा रंगते, १९८८ चं पुस्तक आधी की त्याच्या बालपणाचं १९९० मध्ये आलेलं. माझं मत: १९९० चं घ्या. त्यात तो बहुतेक जमिनीखालच्या अंधारातच आहे, वर राहायला आल्यावर सूर्य उगवताना बघतो आणि डोळे जळत असतानाही बघत राहतो ते पुढच्या भागांत येतं, आणि तिथपर्यंत त्याच्यासोबत अंधारातून चालत गेलात तर ती पहाट तुमचीही होते.