नाशिकचे कागद कुठे साठले

नाशिकमधली विद्यापीठं वयानं लहान. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चं. हंसराज प्रागजी ठाकरसी (हंप्राठा) महाविद्यालय १९२४ चं, म्हणजे तेही नुकतंच शंभरीपार गेलेलं. त्यामुळे जुन्या शहरांत विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडतात तसे कागद नाशिकमध्ये शोधायचे, तर आधी रामकुंडावर जावं लागतं.

इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा शहराचा सगळ्यात जुना चालू दप्तरखाना. सिंहस्थ, श्राद्ध किंवा अस्थिविसर्जनासाठी यजमान आला की पहिला प्रश्न ठरलेला: गाव कोणतं, आडनाव काय? गाव आणि आडनाव सांगितलं की कोणत्या घराकडे जायचं हेही कळतं, कारण यजमान उपाध्यायांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाटलेले आहेत. मग लांबट वही उघडते. पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, भाऊ किती, मुलगे किती, सगळं तिच्यात असतं. जुनं लेखन मोडीत. ज्यांना लिहिता येई त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं, खाली सही. आजच्या यजमानानं त्याच कुळाखाली आपली नोंद करायची. मुलींची नावं मात्र क्वचित, हेही त्या वह्यांचंच एक सांगणं.

यामागे इतिहास जपण्याचा हेतू नव्हता. यजमान आपलाच, याचा तो पुरावा होता आणि उपाध्यायाच्या घरात वही वारसाहक्कानं जाई. या व्यवहारामुळेच ती टिकली, असं मला वाटतं; निव्वळ कौतुकापोटी जपलेले कागद वाळवीला फार लवकर सापडतात. अडचण आता वाचणाऱ्यांची आहे. मोडी शाळेतून गेली ती गेलीच. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कुठे मोडी जाणणाऱ्यांना राज्यभर पुन्हा विचारणा होऊ लागली.

छापील पुस्तकांची गोष्ट वेगळी. सार्वजनिक वाचनालय, नाशिककरांच्या तोंडी ‘सावाना’, १८४० सालचं. रत्नागिरीचं वाचनालय त्याहून जुनं, १८२८ चं. पुण्याचं मात्र १८४८ चं, हे नाशिककर आवर्जून सांगतात. नाशिकवर इंग्रजी अंमल बसून तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती. पुढे वाचनालयानं बरीच वर्षं सरकारवाड्यात, पेशवाईतल्या वास्तूत, काढली. वर्गणी आणि देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेत पुस्तकं एका योजनेनं येत नाहीत, वाचक आणि देणगीदार बदलतील तशी येतात. सावानात छापील पुस्तकांच्या जोडीला हस्तलिखित पोथ्या आणि वस्तुसंग्रहही आहे.

तिसरा धागा नाण्यांचा. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. इकडे पांडवलेण्यांत त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आपल्या मुलानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निःपात केल्याचं सांगतो. लेख आईनं कोरवलेला, म्हणजे अतिशयोक्तीची शंका घ्यायला जागा होती. नाण्यांनी त्याला दुजोरा दिला. लेख डोंगरावर आहे तिथेच राहिला, नाण्यांना मात्र एक घर उरलं नाही.

नाणकशास्त्राला वाहिलेली संस्था या परिसरात यायला १९८० उजाडलं. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था उभी केली. ग्रंथालय आणि संग्रहालय एकाच आवारात, गावाबाहेर. रामकुंडावरच्या वह्या मात्र अजून उपाध्यायांच्या घरीच आहेत आणि त्या पाहायच्या तर गाव आणि आडनाव सांगावं लागतं.