हिमवृष्टी आणि काउन्सिलच्या सेवा (ब्रिटन)

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात जोरदार बर्फ पडला की काउन्सिलांच्या, म्हणजे तेथील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, रोजच्या सेवा विस्कळीत होतात. कचरा उचलणे, शाळा, वृद्धांची घरपोच देखभाल, वाचनालये, दफनविधी अशा अनेक कामांना त्याचा फटका बसतो. बर्फ किती पडला यापेक्षाही बर्फ जमू नये म्हणून टाकलेले मीठ कोणत्या रस्त्यावर पडले, यावर हा फटका अधिक अवलंबून असतो.

इंग्लंडमधील मोटरवे आणि प्रमुख महामार्ग नॅशनल हायवेज ही सरकारी कंपनी सांभाळते. उरलेले बहुतेक सार्वजनिक रस्ते काउन्सिलांकडे असतात. जेथे कारभार दोन स्तरांवर चालतो तेथे रस्ते वरच्या स्तरावरील कौंटी काउन्सिलकडे आणि कचरा खालच्या स्तरावरील डिस्ट्रिक्ट काउन्सिलकडे असतो. त्यामुळे कचऱ्याची गाडी ज्या गल्लीच्या तोंडाशी अडते, ती गल्ली मोकळी करणे गाडी पाठवणाऱ्यांच्या हातात नसते. फोन मात्र त्यांचाच खणखणतो.

रस्ते बर्फमुक्त ठेवण्याचे कायदेशीर बंधन वाटते तेवढे जुने नाही. १९८० च्या हायवेज ॲक्टमधील ४१ व्या कलमाने रस्ते दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी काउन्सिलांवर टाकली होती. पण तीत रस्त्यावर साचलेला बर्फ काढणे येत नाही, असा निर्णय तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००० साली ईस्ट ससेक्स कौंटी काउन्सिलविरुद्धच्या खटल्यात दिला. मग पार्लमेंटने २००३ मध्ये कायदा बदलला. बर्फामुळे रस्त्यावरून जाणे धोक्याचे होऊ नये याची काळजी ‘व्यवहार्य असेल तितपत’ घ्यावी, अशी तरतूद आता इंग्लंड व वेल्समध्ये आहे. स्कॉटलंडमध्ये १९८४ च्या कायद्यापासूनच तसे बंधन आहे. ‘व्यवहार्य असेल तितपत’ या तीन शब्दांत काउन्सिलचे हिवाळ्याचे सगळे नियोजन सामावलेले असते. प्रत्येक रस्त्यावर मीठ टाकणे कोणालाच शक्य नसते, म्हणून आधीच क्रम ठरवलेला असतो. मुख्य रस्ते, बसमार्ग, रुग्णालयाकडे व अग्निशमन केंद्राकडे जाणारे रस्ते पहिल्या यादीत असतात. वसाहतींतील आतले रस्ते सहसा कोणत्याच यादीत नसतात, आणि बहुतेक पदपथही नसतात.

मीठ टाकणाऱ्या गाडीला तेथे ‘ग्रिटर’ म्हणतात. ग्रिट म्हणजे खडी किंवा जाड रेती, पण गाडीत असते ते खाणीतले तपकिरी मीठ. तो रंग त्यात मिसळलेल्या चिकणमातीचा. चेशरमधील विन्सफर्डची खाण या मिठासाठी प्रसिद्ध आहे. यॉर्कशरमधील बोल्बी आणि उत्तर आयर्लंडमधील किलरूट येथूनही ते येते. नुसत्या हिमतुषाराचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा, अंदाज असेल तेव्हा दर चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम मीठ पुरते, बर्फ पडणार असेल तर त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त लागते. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, एवढेच त्याचे काम. रस्त्याचे तापमान उणे ५ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की त्याचा जोर ओसरतो, आणि उणे १० च्या पुढे ते जवळपास निकामी ठरते. शिवाय चाकांखाली खडे भरडले जाऊन पसरले तरच ते नीट काम करते. वर्दळ नसलेल्या गल्लीत टाकलेले मीठ म्हणूनच बरेचसे वाया जाते, आणि गल्ल्या यादीबाहेर राहण्यामागे हेही एक कारण आहे. बर्फाआधी पाऊस झाला तर टाकलेले मीठ वाहून जाते. संध्याकाळी घरी परतण्याच्या वेळी बर्फ सुरू झाला, तर ग्रिटरच कोंडीत अडकतो आणि रस्ता त्याच्यापुढे पांढरा होत जातो.

कचरासेवेची अडचण नेमकी येथे सुरू होते. भरलेली गाडी २६ टनांपर्यंत जाते, आणि तिचे काम मुख्य रस्त्यावर नसते. तिला उतारावरच्या, दुतर्फा मोटारी लावलेल्या, मीठ न पडलेल्या गल्लीत शिरायचे असते. मुख्य रस्ता काळाभोर आणि ओला दिसतो, म्हणून ‘रस्ता तर मोकळा आहे, मग गाडी का नाही?’ असा प्रश्न रहिवाशांना पडतो, आणि तो रास्तही आहे. ज्या गल्लीत गाडी पोहोचते तेथेही काम सोपे नसते. दारापुढच्या कचरापेटीतला ओला कचरा पेटीच्या भिंतींना चिकटून गोठलेला असतो. यंत्राने पेटी उचलून उलटी केली, दोनदा आपटली, तरी तळातला गोळा सुटत नाही, आणि अर्धी भरलेली पेटीच परत खाली ठेवावी लागते. अनेक ठिकाणी एका आठवड्यात साधा कचरा आणि दुसऱ्या आठवड्यात पुनर्वापराचा कचरा उचलतात. त्यामुळे एक फेरी चुकली की त्या प्रकारचा कचरा चार आठवडे घरात साठतो. अशा वेळी पेटीशेजारी ठेवलेल्या जादा पिशव्याही उचलण्याची सवलत मिळते. बागेतल्या कचऱ्याची फेरी सर्वांत आधी बंद होते. बऱ्याच काउन्सिलांत रिकामे झालेले सफाई कामगार फावडी घेऊन दवाखाने आणि बाजारपेठांपुढचे पदपथ साफ करायला जातात.

शाळा बंद ठेवायची की नाही हे बहुधा मुख्याध्यापक ठरवतात, काउन्सिल फक्त यादी जाहीर करते. वर्गखोल्या ठीक असतात, पण शिक्षक दूरवरून येतात आणि शाळेच्या बसला गावातले आतले रस्ते घ्यावे लागतात. सर्वांत नाजूक सेवा घरपोच देखभालीची. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला अंथरुणातून उठवणे आणि औषध देणे उद्यावर ढकलता येत नाही. मग ज्यांच्या घरी दुसरे कोणीच नाही त्यांच्याकडे आधी जाण्याचा क्रम लावतात, आणि फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) गाड्या असलेले स्वयंसेवक देखभाल करणाऱ्यांना दारापर्यंत सोडतात. रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी कडाक्याच्या थंडीत जादा निवारे उघडले जातात. म्हणजे बर्फाच्या दिवसांत काउन्सिलच्या काही सेवा वाढतातही, मात्र त्याची बातमी क्वचितच होते.

१९४७ आणि १९६२–६३ चे हिवाळे आजही दाखल्यासाठी सांगितले जातात. दुसऱ्यात २६ डिसेंबरला सुरू झालेला बर्फ अनेक भागांत मार्चपर्यंत टिकला. सेवांच्या दृष्टीने मात्र अलीकडचे हिवाळे अधिक बोलके आहेत. २ फेब्रुवारी २००९ रोजी लंडनमधील सगळी बससेवा बंद ठेवावी लागली. पुढच्याच हिवाळ्यात मिठाचा तुटवडा इतका वाढला की सरकारने ‘सॉल्ट सेल’ या खास गटामार्फत मिठाचे वाटप हाती घेतले, आणि जानेवारी २०१० मध्ये काउन्सिलांना वापर किमान एक चतुर्थांश कमी करायला सांगितले. कपात अर्थातच यादीतल्या खालच्या रस्त्यांवर झाली. त्यानंतर डेव्हिड क्वार्म्बी यांच्या समितीने १२ दिवस, म्हणजे मीठ टाकण्याच्या ४८ फेऱ्या, पुरेल एवढा मिठाचा साठा ठेवण्याची शिफारस केली. डिसेंबर २०१० हा १९१० पासूनच्या नोंदींतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला, त्यामुळे शिफारशीची परीक्षा लगेचच झाली. २०१८ च्या फेब्रुवारीअखेरीस आलेल्या ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ या थंडीच्या लाटेत स्कॉटलंडसाठी बर्फाचा लाल, म्हणजे सर्वांत गंभीर, इशारा देण्यात आला. ग्रिटरना गमतीदार नावे देण्याची स्कॉटलंडची प्रथाही लोकांच्या आवडीची झाली आहे. गायिका ब्रिटनी स्पीअर्सच्या नावावरून बेतलेली ‘ग्रिटनी स्पीअर्स’ कुठवर पोहोचली हे नकाशावर पाहत बसणारे कमी नाहीत.

कोपऱ्यांवर ठेवलेल्या पिवळ्या पेट्यांतले मीठ सार्वजनिक रस्त्यासाठी असते, घरच्या अंगणासाठी नाही. आपल्या दारापुढचा बर्फ काढला आणि कोणी घसरून पडले तर आपल्यावर दावा होईल, अशी भीती लोकांत होती. ती दूर करण्यासाठी २०१० मध्ये सरकारने ‘स्नो कोड’ काढला. समजूतदारपणे साफसफाई करणाऱ्यावर दावा होण्याची शक्यता फार कमी आहे, गरम पाणी ओतू नये, चौरस मीटरला चमचाभर मीठ पुरते, असे त्यात सांगितले आहे.

बर्फ वितळल्यावर राहिलेला कचरा आठवड्या-दोन आठवड्यांत उचलला जातो, रस्ते मात्र इतक्या लवकर सावरत नाहीत. भेगांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि डांबर उखडते. वसंतात ग्रिटरवरची मिठाची टाकी उतरवून ठेवतात, आणि काही ठिकाणी त्याच गाडीतून खड्डे बुजवायचा माल नेतात.