‘२६ इंची टायर द्या’ म्हणण्याआधी
(जुन्या एमटीबीवाल्या, म्हणजे माउंटन बाइकवाल्या ग्राहकांसाठी)

फोनवर नुसतं ‘२६ इंची’ सांगितलंत, तर आम्ही टायर पाठवत नाही. काहींना तो आडमुठेपणा वाटतो. पण २६ इंच हा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा ढोबळ आकडा. रिमवर बसते ती आतली कड, आणि तिचा व्यास दर वेळी तोच नसतो.

२६ × १.९५, २६ × २.१२५ असं दशांशात लिहिलेलं एमटीबी टायर ५५९ मिमीचं. २६ × १ ३/८ हे ५९० मिमीचं, जुन्या लेडीज सायकलींचं. सगळ्यात जास्त घोळ १.७५ आणि १ ३/४ यांचा. गणितात दोन्ही एकच, पण अपूर्णांकातलं टायर ५७१ मिमीचं निघतं. ५९० वालं ५५९ च्या रिमवर सरळ घरंगळतं, त्यामुळे चूक लगेच कळते. ५७१ वालं मात्र चढतं, हवा भरेपर्यंत ठीकही दिसतं. मग एका बाजूची कड रिमबाहेर सरकते आणि ट्यूब फुटते. ट्यूबचा त्यात काही दोष नसतो.

म्हणून टायरच्या बाजूवर ‘५४-५५९’ अशी जोडी शोधा: पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचं माप. आकडे रबरातच उठावाचे असतात. वाचता येत नसतील तर कोरडा खडू घासा, लगेच उठून दिसतात.

हे ५५९ आलं कुठून, असंही बरेच जण विचारतात. श्विन कंपनीने १९३३ मध्ये अमेरिकेत ५५९ च्या जाड बलून टायरच्या सायकली आणल्या. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत पोरं त्याच जुन्या, जड सायकली डोंगरावरून खाली पिटाळू लागली. १९७६ मध्ये तिथे ‘रिपॅक’ शर्यत सुरू झाली: तीनेक किलोमीटरमध्ये सुमारे ४०० मीटरचा उतार! उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक इतका तापे की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि नव्याने भरावं लागे. ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणं, हे नाव त्यावरूनच पडलं. १९७७ मध्ये तिथलेच फ्रेम बनवणारे जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम बनवली, तीही त्याच चाकांसाठी. १९८१ च्या स्पेशलाइज्ड कंपनीच्या ‘स्टम्पजंपर’ सायकलीपासून कारखान्यात मोठ्या संख्येने एमटीबी बनू लागल्या आणि बराच काळ ५५९ च रूढ राहिलं.

त्या सायकलींना शॉकअप नव्हता. तुमच्या साध्या चिमट्याच्या (पुढच्या फोर्कच्या) फ्रेमला १०० मिमीचा शॉकअप लावा, असा आग्रह धरू नका. पुढचा भाग उचलला जातो, हँडल सुस्त होतं आणि हेडट्यूबवर (चिमटा बसतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीवर) नको तो ताण येतो. त्यापेक्षा फ्रेममध्ये जागा असेल तर २.१ रुंदीचं टायर घ्या. साधारण ७० किलोच्या माणसाला कच्च्या वाटेवर ३५ पीएसआय हवा पुरते. फक्त टायरवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका.

५५९ ची टायरं आणि कँटिलिव्हर ब्रेकचे रबर आमच्याकडे असतात. एकदा चढवलेलं टायर परत घेत नाही. आकडा पुसलाच असेल तर पुढचं चाक काढून घेऊन या. रिम मोजून देऊ, आणि टायर आमच्याकडून घेतलंत तर बसवायचे पैसे नाहीत.