प्रथिनांची घडी आणि ‘स्मृतिभ्रंश’ शब्दाचा घोळ

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका. हात मांडीवर टेकवून बसले की त्यांचा अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर घासत राहतात. घरचे हसायचे, काका अजून नोटा मोजतात. चहाचा कप उचलला की थरथर थांबायची, म्हणून वर्षभर कोणी मनावर घेतले नाही. कंपवाताचे (पार्किन्सन्सचे) निदान त्यानंतरचे.

चेतापेशींच्या ऱ्हासामागचे रेणवीय जीवशास्त्र अभ्यासणारे एक संशोधक येत्या शनिवारी गंगापूर रोडवर बोलणार आहेत. विषय प्रथिनांचा असला तरी ऐकायला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर घरातले असेच कोणीतरी असेल.

कंपवाताचे वर्णन १८१७चे, हंटिंग्टनच्या आजाराचे, म्हणजे मेंदूच्या एका आनुवंशिक आजाराचे, १८७२चे. अल्झायमरचे सांगायचे तर, १९०६ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी वारलेल्या एका जर्मन बाईंचा मेंदू चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिला, तेव्हा पेशींबाहेर ठिपके आणि पेशींच्या आत गुंते दिसले. ते कशाचे, हे कळायला १९८०चे दशक उजाडले. ठिपके अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचे निघाले, गुंते टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे. १९८७ मध्ये अमायलॉइडचे मूळ जनुक २१व्या गुणसूत्रावर सापडले आणि एक जुने कोडे सुटले : डाऊन सिंड्रोम असलेल्यांत हे गुणसूत्र तीनदा असते, आणि त्यांच्या मेंदूत चाळिशीतच तसे ठिपके दिसतात. १९९३ मध्ये हंटिंग्टनचे जनुक हाती लागले. त्यात डीएनएची सीएजी ही तीन अक्षरे ४० किंवा जास्त वेळा आली, तर आजार जवळपास अटळ. १९९७ मध्ये कंपवाताच्या पेशींतल्या गोळ्यांत अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन ओळखले गेले.

प्रथिने वेगवेगळी, पण तऱ्हा सारखी. प्रथिनाची घडी चुकते, ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही चुकीच्या घडीत ओढते. चमचाभर विरजणाने पातेलेभर दूध फिरावे तसे.

खरा घोळ मात्र नावांत आहे. मराठीत अल्झायमरला सर्रास ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतात. हा शब्द आपल्या कानावर आला गीतेतून, ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः’. तिथे तो क्रोधातून, संमोहातून येतो. वयाशी त्याचा काही संबंध नाही. पुढे वैद्यकीय मराठीने तोच ‘डिमेन्शिया’साठी घेतला. डिमेन्शिया हे लक्षणसमूहाचे नाव, आणि अल्झायमर हे त्यामागच्या अनेक कारणांपैकी एक, सर्वांत मोठे. शिवाय १९७०च्या दशकापर्यंत अल्झायमर म्हणजे पासष्टीच्या आतला दुर्मीळ आजार समजला जाई. पुढचे सगळे म्हातारपणाच्या खाती. आपल्याकडे तर त्यासाठी ‘साठी बुद्धी नाठी’ तयारच होते. मेंदूतले ठिपके आणि गुंते दोन्हीकडे सारखेच आहेत हे मान्य झाले, तेव्हा हा दुर्मीळ आजार एकदम घरोघरचा झाला.

आता गाडी उलट्या दिशेने निघाली आहे. २०१८ मध्ये एका अमेरिकी गटाने संशोधनापुरती व्याख्या मांडली : अल्झायमर म्हणजे विसरणे नव्हे, मेंदूतले अमायलॉइड आणि टाऊ. २०२४ मध्ये हीच कसोटी दवाखान्यातल्या निदानापर्यंत आणली गेली. म्हणजे सत्तरीच्या आजी भाजीचा हिशोब पैशापैशाने सांगतात, रक्तात खूण सापडली, तर त्या अल्झायमरच्या रुग्ण. स्मृती शाबूत असलेला स्मृतिभ्रंश! दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने त्याच वर्षी विरोध नोंदवला : अशा माणसाला ‘जोखीम’ म्हणा, रुग्ण नको, कारण यातल्या अनेकांना आयुष्यभर लक्षणे येतच नाहीत. पटण्यासारखे आहे. कंपवाताचेही २०२४ मध्ये अल्फा-सिन्युक्लिनवरून असेच वर्गीकरण सुचवले गेले, आणि काही कंपवाती रुग्णांना कंप कधीच येत नाही हे लक्षात घेतले तर तिथेही नाव लंगडेच.

व्याख्येमागे औषधेही आहेत. अमायलॉइड काढणाऱ्या पहिल्या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तीच तज्ज्ञ समितीचा कौल डावलून. समितीच्या तीन सदस्यांनी राजीनामे दिले. २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेल्या दुसऱ्या औषधाने १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी केला. १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक भरतो ०.४५ गुणाचा, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका सोबत येतो.

मे २०२५ मध्ये अमेरिकेने अल्झायमरच्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. ती ५५ वर्षांवरच्या, आणि विसरायला लागलेल्यांसाठीच आहे.