ख्रिस्ती स्वातंत्र्य आणि सेवाधर्म

ख्रिस्ती स्वातंत्र्य : देवाची कृपा मनुष्याला पापाच्या, मरणभयाच्या आणि नियमशास्त्राच्या (मोशेने दिलेल्या ज्यू धर्मनियमांच्या) जोखडातून सोडवते आणि असा मोकळा झालेला मनुष्य आपखुशीने शेजाऱ्याच्या सेवेला लागतो, अशी ख्रिस्ती धर्मविचारातील धारणा. नागरी स्वातंत्र्याहून ती निराळी आहे. मोक्षाशीही ती पुरती जुळत नाही, कारण या सुटकेनंतर माणूस संसारातच राहतो आणि तिथेच त्याचे हात कामाला लागतात.

विचाराचे मूळ पौल या पहिल्या शतकातील ख्रिस्ती प्रेषिताने गलतीकरांस लिहिलेल्या, बायबलच्या नव्या करारातील पत्रात आहे. नव्या ख्रिस्ती लोकांनी ज्यू नियमशास्त्राप्रमाणे सुंता करून घ्यावी, असा काही शिक्षकांचा आग्रह होता. पौलाने तो धुडकावून लावला. मात्र पाचव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात तो बजावतो की, या स्वातंत्र्याच्या निमित्ताने देहवासनांना मोकळे रान देऊ नका, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. मराठी वाचकाला ‘दास’ म्हटले की रामदास आठवतात, हरीचा दास आठवतो. पौलाने वापरलेले ग्रीक क्रियापद ‘दूलोस’ म्हणजे गुलाम या शब्दापासून आलेले आहे आणि त्याच्या काळात गुलाम बाजारात विकले जात. स्वतंत्र माणसांनी हा शब्द स्वतःला लावून घ्यावा, ही मागणी तेव्हा कानाला बोचणारीच होती.

हे तत्त्व व्यवहारात कसे उतरते, ते पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ८ ते १० या अध्यायांत दिसते. मूर्तीला वाहिलेले अन्न खावे का, हा तिथला प्रश्न. ठाणे–नवी मुंबईतील ख्रिस्ती कुटुंबांना तो अजिबात जुना वाटत नाही. गणेशोत्सवात शेजारच्या काकू ताटलीत मोदक घेऊन दारात उभ्या राहतात, तेव्हा तोच प्रश्न उभा असतो. काही जण प्रसाद आनंदाने घेतात. मूर्ती म्हणजे काहीच नाही, या पौलाच्याच विधानाचा ते आधार घेतात. काही जण हात जोडून नम्रपणे नाकारतात. ‘हे वाहिलेले आहे’ असे कुणी सांगितले तर खाऊ नका, हे दहाव्या अध्यायातील वाक्य त्यांना बांधून घेते. दोघांनाही पौल एकच गोष्ट विचारायला लावतो : माझ्या वागण्याने कुणाच्या सदसद्विवेकबुद्धीला अडखळण तर होत नाही? माझ्या खाण्यामुळे भाऊ अडखळणार असेल तर मी कधीच मांस खाणार नाही, असे तो स्वतःपुरते ठरवतो. अधिकार आहे हे मान्य करून दुसऱ्यासाठी तो बाजूला ठेवणे, हा या शिकवणीचा सर्वांत अवघड भाग म्हणावा लागेल.

प्रॉटेस्टंट सुधारणेचा जर्मन प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने १५२० मध्ये हाच विचार दोन वाक्यांत मांडला : ख्रिस्ती मनुष्य सर्वांचा स्वतंत्र स्वामी आहे, कुणाच्याही अधीन नाही, तोच सर्वांचा आज्ञाधारक सेवक आहे, सर्वांच्या अधीन आहे. तारण (पापापासून सुटका) सत्कर्मांनी कमवायचे नसल्यामुळे सत्कर्म पूर्णपणे शेजाऱ्यासाठी उरते, असा त्याचा युक्तिवाद. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी ख्रिस्ताने सर्वांनाच सोडवले आहे, या आधारावर भूदासपणातून मुक्ती मागितली, तेव्हा मात्र ल्यूथरने त्यांना विरोध केला. हे त्याच्या विचारातील मोठे वैगुण्य आहे. विश्वास आणि सत्कर्म यांविषयीचा कॅथलिक आणि लूथरन (ल्यूथरच्या परंपरेतील) चर्चमधला वाद बऱ्याच अंशी १९९९ च्या संयुक्त घोषणापत्राने निवळला.

मराठीत या विचाराचा सर्वांत जिवंत पुरावा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडतो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी ठामपणे कळवले की, इथल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही. त्याच रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि केडगावात त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ उभी केली. नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा बंधुसमाज मांडला.

ठाण्यात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन साधू इथे आले, तेव्हा ते नेस्टोरियन (पूर्वेकडील एका प्राचीन पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातले. साष्टीतील ‘ईस्ट इंडियन’ म्हणून ओळखले जाणारे कॅथलिक ख्रिस्ती इथले मूळचे. नगर–मराठवाड्याकडची मराठी कुटुंबे नोकरी-धंद्यासाठी मागाहून आली. या दुसऱ्या प्रवाहातील पुष्कळांचे पूर्वज महार–मांग समाजांतले होते. गावकीची कामे त्यांच्यावर जन्माने लादलेली होती. महार वतन कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. म्हणून ‘दास व्हा’ हा उपदेश अशा घरात करताना जपून करावा लागतो. वेठ म्हणजे सेवा नव्हे. गलतीकरांच्या पत्रातील पौलाचे आवाहन आधी मोकळ्या झालेल्यांना आहे. घरातील सगळे काम ‘सेवा’ म्हणून सुनेच्या अंगावर टाकणाऱ्यांनाही हेच लागू पडते.

कॅथलिक धर्मग्रामांत (एका चर्चच्या कार्यक्षेत्रांत) सेवेचे संघटित काम बरेचसे विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखा करतात. १८३३ मध्ये पॅरिसमधील विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या संस्थेची पद्धत साधी आहे : गरजू कुटुंबाला दारात बोलवायचे नाही, आपण त्याच्या घरी जाऊन बसायचे.

पुनरुत्थानाच्या रविवारआधीच्या गुरुवारी संध्याकाळी मिस्सामध्ये (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) पाय धुण्याचा विधी होतो. योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाप्रमाणे इथे खाली वाकतो तो धर्मगुरू. भाविक खुर्चीवर बसून असतात. हे भाविक पूर्वी नियमाने फक्त पुरुष असत. २०१६ पासून स्त्रियांचेही पाय धुण्याची मुभा रोमने दिली.