जवाहर नवोदय विद्यालय

ग्रामीण भागातील हुशार मुलामुलींसाठी केंद्र सरकार चालवते ती निवासी शाळा. बोलताना नुसतेच ‘नवोदय’. वर्ग सहावी ते बारावी, मंडळ सीबीएसई. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ साली निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही कल्पना उचलून धरली आणि ‘जिल्हा तेथे नवोदय’ असा विस्तार सुरू झाला. जमीन राज्याने फुकट द्यायची, बाकी खर्च केंद्राचा. गोव्यात वाळपई आणि काणकोण येथे ही विद्यालये आहेत.

सहावीचा प्रवेश निवड परीक्षेतून होतो. ती मराठीतूनही देता येते, मात्र आयुष्यात एकदाच. एका शाळेत जास्तीत जास्त ८० जागा. त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. त्यामुळे पाचवीच्या वर्षी गावोगाव नवोदयचे खासगी क्लास भरतात. शिकवणीचा खर्च न झेपणाऱ्या घरांसाठी काढलेल्या शाळेच्या दारात शिकवणीच उभी राहावी, हे विचित्रच.

राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत. नववीपासून काहींना विद्यालय विकास निधी भरावा लागतो. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील घरांतील मुलांना तो माफ असतो.

या शाळेचे खरे वेगळेपण वर्गाबाहेर दिसते. उजाडताच पीटी, मग परिपाठ, तास, संध्याकाळी मैदान, रात्री शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास. मुले अरावली, नीलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी या चार सदनांत वाटलेली असतात. सदनाला पर्वताचे नाव आणि स्वतःचा रंग. खो-खोपासून वक्तृत्वापर्यंतच्या स्पर्धा सदनासदनांत चुरशीने होतात. स्काउट-गाइड, एनसीसी हेही असते. मेसच्या देखरेखीत मुलांचाही हात असतो, आणि भाजीवरची खरी चर्चा तिथेच होते. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, तिला कुलूप. भेटीच्या दिवशी पालक चिवडा-लाडवांचा डबा घेऊन येतात, पण तो पेटीत फार काळ टिकत नाही. कुलूप असले तरी खोलीतल्या सगळ्यांना त्याचा वास लागलेला असतो.

सर्वांत धाडसी उपक्रम म्हणजे स्थलांतर, मुलांच्या तोंडी ‘मायग्रेशन’. हिंदी आणि अहिंदी भाषक प्रदेशांतील शाळांच्या जोड्या लावलेल्या असतात. नववीतली सुमारे ३० टक्के मुले वर्षभरासाठी जोडशाळेत जातात आणि तिकडची तितकीच इकडे येतात. मराठी मूल हिंदी पट्ट्यातल्या जिल्ह्यात पोळी-भात सोडून तिथल्या ताटाला सरावते. तिथल्या शाळेत मराठी तिसरी भाषा म्हणून शिकवली जाते, म्हणून स्थानिक मुलेही ‘ळ’ घोटताना दिसतात. पहिल्या महिन्यात रडारड ठरलेली. मार्चमध्ये परत निघताना मात्र दोन्हीकडची मुले एकमेकांच्या वह्यांत पत्ते लिहून घेतात.

माध्यम आधी मातृभाषा वा प्रादेशिक भाषा असते, आठवी-नववीच्या सुमारास ते हिंदी-इंग्रजीकडे वळते. देशात आज साडेसहाशेहून अधिक नवोदय आहेत. तमिळनाडूत मात्र एकही नाही; हिंदीच्या मुद्द्यावरून त्या राज्याने ही योजनाच स्वीकारली नाही.