गुहानिक्षेपांतील परागविश्लेषण

पर्वतीय गुहांत साचलेल्या गाळातून परागकण व बीजाणू वेगळे काढून त्यांवरून तेथील पूर्वीची वनश्री आणि हवामान ठरविण्याची पद्धती. लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकांनी १९१६ मध्ये मांडलेले परागविश्लेषण पीटभूमीतील (अर्धवट कुजलेल्या वनस्पती साचलेल्या दलदलीतील) थरांवर बेतलेले होते. उंच पर्वतांत हिमनद्यांनी उघड्यावरील जुने थर बऱ्याच ठिकाणी खरवडून नेलेले असल्याने गुहांतील गाळाला महत्त्व येते.

गाळातील चुना हायड्रोक्लोरिक आणि सिलिकेटे हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाने काढतात. परागकणाचे कवच स्पोरोपोलेनिन या अतिशय टिकाऊ पदार्थाचे असल्याने ते टिकते. मात्र अल्कधर्मी, ऑक्सिडीभवन होणाऱ्या गाळात पातळ कवचाचे कण आधी नष्ट होतात. चिकोरी गटातील, उघड्यावर वाढणाऱ्या वनस्पतींचे जाड कवचाचे कण तेवढे उरतात आणि उघड्या गवताळ प्रदेशाचा आभास निर्माण होतो. पाइनच्या कणांना दोन हवापिशव्या असतात व दरीतून वर चढणारा वारा ते वृक्षरेषेच्याही (जिच्यापलीकडे झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या) वर नेतो. त्यामुळे त्याच थरात पाइनच्या सुया (सुईसारखी पाने) किंवा खोडाचे अवशेष मिळाल्याखेरीज गुहेपाशी अरण्य होते असे म्हणणे धाडसाचे ठरते.

पराग गुहेत आला कसा, हा खरा वादविषय. झॅग्रोस पर्वतातील शानिदार गुहा (इराक) फारशी उंच नाही. तरीही हा वाद तिच्यावरूनच गाजला. राल्फ सोलेकी यांना १९६० मध्ये तेथे सापडलेल्या ‘शानिदार ४’ या निअँडरथल (लुप्त झालेला एक मानवप्रकार) सांगाड्याभोवतीच्या मातीत आर्लेत ल्रुआ-गुराँ यांना परागांचे पुंजके आढळले. त्यांवरून मृताला फुले वाहिली असावीत, असा तर्क झाला. बिळांत फुले साठविणाऱ्या जर्ड या कृंतकांमुळे हे पुंजके आले असावेत, असे जेफ्री सॉमर यांनी १९९९ मध्ये सुचविले. २०२३ मधील फेरतपासणीत एकाच पुंजक्यात वेगवेगळ्या ऋतूंत फुलणाऱ्या वनस्पतींचे पराग असल्याचे दाखवून, जमिनीत घरटी करणाऱ्या मधमाश्यांकडे बोट दाखविले गेले. अखंड फुले ठेवली असती तर असे मिश्रण होणे कठीण, म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते. दफन झाले की नाही, हा प्रश्न अर्थात वेगळा.

कालनिर्णयासाठी सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत किरणोत्सर्गी कार्बन, त्यापलीकडे प्रकाशदीप्ती (खनिजकणांवर शेवटचे ऊन कधी पडले ते सांगणारी) व युरेनियम-थोरियम (युरेनियमाच्या ऱ्हासावर आधारलेली) पद्धती वापरतात. अलीकडे गाळातील डीएनएचीही जोड मिळाली आहे. तिबेटच्या पठारावरील सुमारे ३,२८० मी. उंचीच्या बाइशिया गुहेच्या गाळात डेनिसोव्हन या लुप्त मानवप्रकाराचा डीएनए आढळल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. रूमानियातील स्कारिशोआरासारख्या हिमगुहांत बर्फाच्या थरांतही पराग टिकून राहतात.